दूध आटतं तेव्हा आत काय होतं, आणि ते कळायला इतकी वर्षं का लागली

नाशकात कुठल्याही घरात बाळाचं अंगावरचं दूध तोडायची वेळ आली की सल्ले सुरू होतात, एक म्हणते कोबीची पानं ठेव, दुसरी म्हणते मोगऱ्याची फुलं बांध, सासूबाई म्हणतात हळूहळू सोडव गं, एकदम तोडलंस तर गाठी होऊन ताप भरेल. आणि तिकडं सिन्नर-निफाडच्या गोठ्यांवर गाय सात महिन्यांची गाभण झाली की आटवायला घेतात, पेंड कमी, आधी संध्याकाळची धार बंद, मग सकाळची, शेवटी सडात औषधाची ट्यूब सोडायची म्हणजे दगडी, म्हणजे कासेची सूज, होत नाही. हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, पण आत कासेत किंवा स्तनात काय घडतं हे विचारलं तर बहुतेक जण म्हणतात की दूध आपोआप जिरतं. थोडंफार जिरतंही. पण खरा प्रकार असा की दूध बनवणाऱ्या पेशीच मरतात, उंदरात तर ८० टक्क्यांहून जास्त, आणि आजार वगैरे काही नसताना, शिस्तीत.

पेशी अशा ठरवून मरतात ही गोष्ट विज्ञानाला खूप आधी दिसली होती आणि मग चक्क विसरली गेली. १८४२ साली कार्ल फोग्टने बेडकाच्या जातीतल्या एका प्राण्याच्या वाढीत पेशी नाहीशा होताना पाहिल्या, १८८५ मध्ये वाल्टर फ्लेमिंगने अंडाशयातल्या मरणाऱ्या पेशींची चित्रं काढली, केंद्रक तुटून तुकडे झालेलं, आणि लगेच पुढच्या वर्षी निस्सेनने तसंच काहीतरी दूध देणाऱ्या स्तनग्रंथीत पाहिलं. म्हणजे १८८६ पर्यंत पुरावा काचेवर हजर होता! पण पुढची कित्येक दशकं कोणी फार मनावर घेतलं नाही. एक कारण मला अगदी साधं वाटतं, मेलेली पेशी काही तासांत आजूबाजूच्या पेशी गिळून टाकतात, सूज नाही, पू नाही, मागे काही उरत नाही, मग मायक्रोस्कोपखाली बघणाऱ्याला एका वेळी चार-दोनच दिसणार आणि तो म्हणणार हे किरकोळ आहे. पेशींचं विभाजन मात्र ठळक दिसतं, म्हणून सगळं लक्ष तिकडंच.

१९६० च्या दशकात दोन गोष्टी झाल्या. लॉकशिन आणि विल्यम्स यांनी रेशमाच्या पतंगाच्या स्नायूंवर काम करताना १९६४-६५ च्या सुमारास ठरवून होणाऱ्या पेशीमृत्यूची कल्पना मांडली. आणि १९६८ मध्ये हेल्मिनेन आणि एरिक्सन यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लावून पिल्लांचं दूध तोडलेल्या उंदरिणीच्या स्तनग्रंथी बघितल्या, त्यांना तिथं लायसोसोम म्हणजे पेशीच्या आतल्या पाचक रसांच्या पिशव्या जोरात कामाला लागलेल्या दिसल्या. हे लायसोसोम लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहेत.

मग आलं १९७२. ऑस्ट्रेलियाचा जॉन केर उंदराच्या यकृताची रक्तवाहिनी बांधून काय होतं ते बघत होता, तिथं त्याला आकसून मरणाऱ्या पेशी दिसल्या होत्या, तो स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला गेला आणि वायली व करी यांच्याबरोबर एक पेपर लिहिला ज्यात या मरण्याला अपॉप्टोसिस हे नाव मिळालं. आज या नावाशिवाय जीवशास्त्राचं पान हलत नाही पण तेव्हा त्या पेपरकडं फारसं कोणी बघितलं नाही. या विषयाचं नोबेल २००२ मध्ये मिळालं तेही केरला नाही, ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना, एका बारक्या कृमीवरच्या कामाबद्दल, ज्याच्या १०९० पेशींपैकी बरोबर १३१ मरतात. स्तनग्रंथीकडं मात्र केर स्वतःच वळला, १९८९ मध्ये वॉकर आणि बेनेट यांच्यासोबत, आणि दाखवलं की दूध तुटल्यावर उंदरांत पेशी अपॉप्टोसिसने मरतात आणि त्यांचे तुकडे शेजारच्याच दूध बनवणाऱ्या पेशी आणि मॅक्रोफेज म्हणजे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी गिळतात.

आता खरा प्रश्न, मरा असा हुकूम देतं कोण? बराच काळ सरळ उत्तर होतं, हार्मोन. बाळ चोखायचं थांबलं, प्रोलॅक्टिन म्हणजे दूध बनवायला लावणारं हार्मोन उतरलं, काम खल्लास. पण ज्यांनी मूल पाजलंय त्यांना माहीत असतं की बाळ एकाच बाजूला प्यायला लागलं तर दुसऱ्या बाजूचं आटतं, आणि रक्त तर दोन्हीकडं एकच वाहतं ना! स्कॉटलंडमध्ये एअरच्या हॅना संस्थेत पीकर आणि वाइल्ड यांनी शेळ्यांवर हाच धागा पकडला, त्यांचं म्हणणं की साचलेल्या दुधातच स्वतःला थांबवणारा काहीतरी पदार्थ असतो. तो पदार्थ काही पक्का हाती लागला नाही, नंतर बऱ्याच जणांनी सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनाकडं बोट दाखवलं. पण मूळ मुद्दा १९९७ मध्ये उंदरांवर स्वच्छ सिद्ध झाला: एका स्तनग्रंथीचं तोंड बंद केलं, बाकीच्या पिल्लं पीत होतीच, म्हणजे हार्मोन जसेच्या तसे, तरी त्या बंद ग्रंथीतल्या पेशी मरायला लागल्या. हुकूम तुंबलेल्या दुधाचा होता.

मात्र हार्मोनवाले पूर्ण चुकले नव्हते. १९९६ मध्येच लुंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की हे काम दोन टप्प्यांत चालतं. पहिले दोन दिवस पेशी मरतात पण ढाचा उभा असतो, या काळात पिल्लं परत लावली तर दूध परत सुरू होऊ शकतं. त्यानंतर दुसरा टप्पा, एन्झाइम ढाचाच खातात, दुधाच्या बारक्या पिशव्या कोसळतात आणि जागा चरबी घेते, आणि या टप्प्याला मात्र सगळ्या अंगातले हार्मोन उतरावे लागतात, म्हणूनच ती एकटी बंद केलेली ग्रंथी इथपर्यंत पोचत नाही. नळ्या शिल्लक राहतात, आपल्याकडं द्राक्षाची खरड छाटणी झाल्यावर खोड आणि ओलांडे राहतात तशा, पुढच्या गरोदरपणात परत तिथूनच फुटवा.

१९९९ मध्ये स्टॅट-३ नावाच्या प्रोटीनशिवाय उंदरांत हे सगळं लांबतं हे कळलं, क्रिस्टीन वॉटसन यांच्या गटाचं ते काम. आणि त्याच गटाने २०११ मध्ये मोठा धक्का दिला, पहिल्या टप्प्यातलं मरण अपॉप्टोसिसच्या पुस्तकी वाटेने होतच नाही, कॅस्पेज नावाची जी ठरलेली कात्री असते तिच्याशिवायही चालतं, लायसोसोम फुटून त्यातले कॅथेप्सिन नावाचे पाचक एन्झाइम पेशीला आतून मारतात. म्हणजे १९६८ ला जे लायसोसोम दिसले होते आणि अपॉप्टोसिसच्या लाटेत मागं पडले ते त्रेचाळीस वर्षांनी मुख्य आरोपी ठरले. मला तर या सगळ्या इतिहासात हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

हे बहुतेक उंदराचं ज्ञान आहे हे मात्र विसरू नका, दूध तोडलेल्या बाईच्या स्तनाचा तुकडा तपासायला कोण देणार. बायकांवर जे झालं ते बहुतेक बाहेरून मोजलेलं, जसं १९८८ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी मोगऱ्याची फुलं आणि दूध थांबवणारी ब्रोमोक्रिप्टिनची गोळी यांची तुलना केली, दूध दोन्हींनी कमी झालं, प्रोलॅक्टिन मात्र गोळीने जास्त उतरलं. तेव्हा मोगरावाल्या मावशींना अगदीच हसायला नको. दुसऱ्या बाजूला, ढाचा मोडायच्या या काळात ग्रंथीतलं वातावरण जखम भरताना असतं तसं होतं, आणि बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढलेला दिसतो त्याच्याशी याचा संबंध शोधला जातोय. यावरून पाजूच नका असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, पाजल्याने आयुष्यभराचा धोका कमीच होतो.

आणि गाय? उंदीर आणि गाय यात मोठा फरक, गाय आटवतो तेव्हा ती गाभण असते, त्यामुळं उंदरासारखा पूर्ण ऱ्हास होत नाही, जुन्या पेशी जातात आणि नव्या त्याच वेळी बनतात. वाइल्ड यांच्या गटाने १९९७ मध्ये गाईतही हे मरण दाखवलं, धार चालू असतानासुद्धा. विण्यानंतर काही आठवड्यांनी दूध शिगेला पोचून उतरायला लागतं तेव्हा बरंचसं पेशींची संख्या घटल्यामुळंच उतरतं. म्हणून ते आटवण्याचे साठ-एक दिवस गोठेवाल्याला फुकट गेल्यासारखे वाटले तरी तसं नसतं, न आटवता शेवटपर्यंत धार काढत राहिलं तर पुढच्या वेताला दूध कमी येतं.