इमेज सर्व्हरचं स्टोरेज नेमकं कुठे अडतं: एनएफएस, एफटीपी आणि फॉगची पार्श्वभूमी

फॉग (एका मशीनच्या डिस्कची प्रत, म्हणजे इमेज, नेटवर्कवरून घेऊन बाकीच्या मशीन्सवर ओतणारं फुकट सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या जवळपास प्रत्येक लॅबवाल्याने हे एकदा तरी बघितलेलं असतं. मशीन पीएक्सईवरून, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून, बूट होतं, डिस्क वाचणाऱ्या पार्टक्लोनचा निळा स्क्रीन येतो, अख्खी डिस्क वाचून होते, शंभर टक्के होतात, आणि मग शेवटच्या ओळीवर "अपडेटिंग डेटाबेस" लिहून समोर "फेल्ड" येतं, मशीन रीबूट होतं आणि टास्क अजून रांगेतच असल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून कॅप्चर, म्हणजे इमेज घेणं, सुरू. मग माणूस साहजिकच मायएसक्यूएल हा डेटाबेस तपासत बसतो, टेबल रिपेअर करतो, सर्व्हिस रीस्टार्ट करतो, आणि डेटाबेसला तर काहीच झालेलं नसतं. अडलेलं असतं एफटीपी, फाइल पाठवायचा जुना प्रोटोकॉल. आता इमेज तर एनएफएसवरून (दुसऱ्या मशीनवरचा फोल्डर नेटवर्कवरून जोडायची पद्धत) गेली ना, मग मध्येच एफटीपी कुठून आलं, हा प्रश्न पडतोच, आणि त्याचं उत्तर सेटिंगच्या पानावर मिळत नाही. त्यासाठी चाळीस-पन्नास वर्षं मागे जावं लागतं. माझं ठाम मत आहे की हा इतिहास डोक्यात असला की स्टोरेजचा एरर बघूनच अंदाज येतो की कुठल्या थरात हात घालायचा.

आधी डिस्क इमेजिंगचं बघू. १९९० च्या दशकाच्या मध्याला ऑफिसांत, शाळांत विंडोज ९५ ची मशीन्स भराभर यायला लागली आणि प्रत्येकावर विंडोज, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर टाकायचं म्हणजे दिवसच्या दिवस जायचे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या बायनरी रिसर्च या कंपनीत मरे हॅझर्ड यांनी घोस्ट लिहिलं, एक मशीन नीट तयार करा आणि त्याची हुबेहूब प्रत बाकीच्यांवर ओता. १९९८ मध्ये सिमँटेकने ते विकत घेतलं आणि "घोस्ट मारणे" हा आपल्याकडच्या हार्डवेअरवाल्यांच्या तोंडातला शब्दच झाला, आजही बरेच जण क्लोनिंगला तेच म्हणतात, सॉफ्टवेअर कुठलंही असो. तेव्हा नेटवर्कवर इमेज ठेवायची तर डॉसची बूट फ्लॉपी, तिच्यात नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर, आणि मग नॉव्हेलच्या किंवा विंडोजच्या सर्व्हरवरचा शेअर एखाद्या ड्राइव्ह लेटरला जोडायचा. म्हणजे स्टोरेज हा एकच प्रकार होता, शेअर दिसला तर काम झालं आणि नाही दिसला तर कार्डाचा ड्रायव्हर बघा. फॅट १६ मध्ये फाइल २ जीबीच्या वर जात नाही म्हणून इमेजचे तुकडे करायचे, एवढीच काय ती भानगड.

फॉगची गोष्ट सुरू होते २००७ च्या सुमारास. चक सायपर्स्की आणि जियान झांग या दोघांनी ते सुरू केलं, नावातच फ्री, ओपनसोर्स आणि घोस्ट आहे. या दोघांनी स्वतःचा नवा प्रोटोकॉल लिहायचा घाट घातला नाही, लिनक्सवर जे जे तयार होतं ते घेतलं: पत्ता द्यायला डीएचसीपी, बूट फाइल द्यायला टीएफटीपी, इमेजचा डेटा न्यायला एनएफएस, एकाच वेळी अनेक मशीन्सवर ओतायला यूडीपीकास्ट, डिस्क वाचायला आधी पार्टइमेज आणि पुढे पार्टक्लोन, वर पीएचपीचं वेब पान आणि मायएसक्यूएल. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो, कारण त्यामुळेच एवढ्याशा टीमने एवढं मोठं काम उभं केलं आणि लायसन्सचे पैसे न परवडणाऱ्या शाळा-कॉलेजांना ते फुकट मिळालं. पण यातला प्रत्येक तुकडा वेगळ्या दशकातला आहे. टीएफटीपीची व्याख्या १९८१ ची, एनएफएस १९८४ चं, इंटेलचं पीएक्सई २.१ हे १९९९ चं, आणि एफटीपी तर सगळ्यांत म्हातारं, १९७१ चं. प्रत्येकाने आपापल्या काळातल्या नेटवर्कबद्दल काहीतरी गृहीत धरलेलं आहे, आणि आजचे बहुतेक बिघाड बरोबर दोन तुकड्यांच्या जोडावर सापडतात.

एनएफएसवर जरा थांबायला हवं कारण खरी गोम तिथेच आहे. १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स सुरू झाली, एनएफएस तिनेच बनवलं, तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. सनची वर्कस्टेशन्स महाग, आणि त्यात डिस्क अजूनच महाग, म्हणून डिस्कच नसलेली मशीन्स विकायची आणि त्यांच्या फाइल्स नेटवर्कवरच्या एका सर्व्हरवर ठेवायच्या असा विचार होता. आज फॉगचा क्लायंट जे करतो, म्हणजे स्वतःच्या डिस्कवरून काहीही न चालवता नेटवर्कवरून लिनक्स उचलून दुसरीकडचा फोल्डर जोडायचा, ते अगदी याच कामासाठी जन्मलेलं तंत्र आहे.

पण त्या वेळची ती एका इमारतीतली, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांची नेटवर्क. एनएफएस सुरुवातीपासून पासवर्ड विचारत नाही. क्लायंट सांगतो "मी अमुक नंबरचा यूजर" आणि सर्व्हर ते खरं मानतो. आता क्लायंटवर रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) असलेला माणूस सर्व्हरवर पण रूट झाला तर सगळंच संपलं, म्हणून रूट स्क्वॅश आलं, म्हणजे बाहेरून आलेल्या रूटला सर्व्हर गुपचूप "नोबडी" करून टाकतो. सर्व्हर म्हणून हे अगदी योग्य, पण इमेजिंगवाल्यासाठी अडचण, कारण फॉगच्या छोट्या लिनक्समध्ये सगळं रूट म्हणूनच चालतं. त्यामुळे फॉगचा इन्स्टॉलर फोल्डर एनएफएसवर उघडा करताना, म्हणजे एक्सपोर्ट करताना, "नो रूट स्क्वॅश" टाकतो, आणि कोणी स्वतःच्या हाताने एक्सपोर्टची फाइल लिहिली किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजच्या डब्यावर) शेअर बनवला आणि हे विसरलं की माउंट होतं, म्हणजे फोल्डर जोडलं जातं, दिसतं, पण लिहायला गेलं की परमिशन डिनाइड.

मग सुरक्षा ठेवायची कशी? फॉगने केलं ते असं: तयार इमेजेस ज्या फोल्डरमध्ये आहेत तो /इमेजेस फक्त वाचण्यापुरता एक्सपोर्ट करायचा, आणि आतला /इमेजेस/डेव्ह तेवढा लिहिण्यासाठी उघडा ठेवायचा. कॅप्चर होताना डेटा डेव्हमध्ये मशीनच्या नेटवर्क कार्डाच्या नंबराच्या, म्हणजे मॅक अॅड्रेसच्या नावाने फोल्डर करून पडतो, त्यामुळे लॅबमधलं कुठलंही मशीन, त्यावर कोणीही बसलेलं असो, तयार इमेजला एनएफएसवरून हात लावू शकत नाही. छान विचार आहे हा. पण आता कॅप्चर पूर्ण झाल्यावर तो फोल्डर डेव्हमधून उचलून मुख्य फोल्डरमध्ये इमेजच्या नावाने ठेवणार कोण? क्लायंट ठेवू शकत नाही, त्याला तिथे लिहायची मुभाच नाही. वेब सर्व्हरचा यूजर वेगळा, आणि स्टोरेज तर दुसऱ्याच मशीनवर असू शकतं. म्हणून मग तिसरा माणूस लागतो जो नाव-पासवर्ड देऊन स्टोरेजवर लॉगिन करेल आणि फोल्डरचं नाव बदलेल, आणि ते काम दिलंय एफटीपीला. एनएफएस पासवर्ड विचारत नाही, म्हणून पासवर्ड विचारणारं दुसरं कोणीतरी आणावं लागलं. ते "अपडेटिंग डेटाबेस" समोरचं फेल्ड बहुतेक वेळा इथलं असतं.

एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे विद्यार्थी, तेव्हा एमआयटीत होते. म्हणजे आपल्या लॅबमधली इमेज आजही शेवटच्या पायरीला त्यांच्या कामावर टेकून जागेवर बसते, आणि मला याचं खरंच अप्रूप वाटतं. एफटीपीचं लॉगिन म्हणजे साधं यूजर आणि पासवर्ड, आणि फॉगमध्ये हाच पासवर्ड चार ठिकाणी असतो: लिनक्सच्या यूजरचा स्वतःचा, वेब पानावर स्टोरेज नोडच्या (इमेज ठेवणाऱ्या मशीनच्या) सेटिंगमध्ये, टीएफटीपीच्या सेटिंगमध्ये, आणि इन्स्टॉलरच्या फॉगसेटिंग्ज फाइलमध्ये. चारपैकी एक जरी वेगळा झाला तरी साखळी तुटते. पूर्वी त्या यूजरचं नावच "फॉग" होतं आणि लोक सर्व्हरवर त्याच नावाने बसायचे, मग कोणीतरी सोयीचा पासवर्ड ठेवायचा आणि दुसऱ्या दिवसापासून कॅप्चर बंद, म्हणून पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते खातं "फॉगप्रोजेक्ट" असं वेगळं केलं, जे माणसाने लॉगिनसाठी वापरायचंच नाही. तपासणं सोपं आहे, दुसऱ्या मशीनवरून त्याच यूजरने एफटीपी करून बघा, लॉगिन झालं तर फोल्डरचं नाव बदलता येतंय का बघा. लॉगिन होतं पण नाव बदलत नाही, तर प्रश्न फोल्डरच्या मालकीचा, किंवा डेव्ह आणि मुख्य फोल्डर वेगवेगळ्या डिस्कवर गेलेत, कारण एका फाइलसिस्टिममधून दुसरीत नुसतं नाव बदलून काहीही जात नाही.

डिस्कवरून आठवलं. सर्व्हरची जागा संपली की लोक नवी डिस्क लावून /इमेजेसवर माउंट करतात, आणि मग "डॉट एमएनटीचेक सापडली नाही" असा एरर येतो. ही एक रिकामी लपवलेली फाइल आहे, दोन्ही फोल्डरमध्ये असते, आणि तिचं काम एवढंच की क्लायंटने माउंट केलेला फोल्डर खरोखर इमेजचा आहे की चुकून भलताच आहे हे कळावं. नवी डिस्क रिकामी, म्हणून फाइल नाही, म्हणून एरर. त्यात एनएफएसची स्वतःची सवय अशी की एक्सपोर्ट केलेल्या फोल्डरच्या आत दुसरी डिस्क माउंट असेल तर ती आपोआप पुढे दाखवत नाही, आणि नंतर माउंट केलेल्या डिस्कसाठी सर्व्हिस रीस्टार्ट केली नाही तर क्लायंटला खालचा जुना फोल्डरच दिसत राहू शकतो. तेव्हा डिस्क बदलली की दोन्हीकडे ही फाइल बनवा, एनएफएस रीस्टार्ट करा, मग पुढचं.

एनएफएसच्या आवृत्त्यांचा इतिहासही असाच आजच्या एररमध्ये डोकावतो. दुसऱ्या आवृत्तीत फाइलच्या साइझला ३२ बिट, म्हणजे २ जीबीच्या पुढे काम थांबलं, इमेजिंगसाठी ती निरुपयोगीच. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने ६४ बिट दिले, पण तिच्यात माउंटचं काम वेगळी सर्व्हिस करते आणि तिचा पोर्ट ठरलेला नसतो, तो १११ नंबरच्या पोर्टमॅपरला विचारावा लागतो. म्हणून फायरवॉलमध्ये फक्त एनएफएसचा २०४९ पोर्ट उघडून "सगळं तर उघडलंय" म्हणणारा माणूस तासन्तास अडकतो. चौथी आवृत्ती २००० मध्ये आली, तिने सगळं एका २०४९ वर आणलं, पण पत्ता समजून घ्यायची पद्धत बदलली: "एफएसआयडी शून्य" दिलेला फोल्डर हाच तिचं मूळ समजला जातो. फॉगच्या एक्सपोर्टमध्ये मुख्य फोल्डरला नेमकं शून्य दिलेलं असतं, तिसऱ्या आवृत्तीला त्याने काही फरक पडत नाही, पण चौथीने पूर्ण पाथ देऊन माउंट करायला गेलं की "असा फोल्डर नाही" असं उत्तर येऊ शकतं. हाताने तपासताना म्हणूनच माउंट कमांडमध्ये आवृत्ती तीन स्पष्ट लिहा, नाहीतर चांगल्या सर्व्हरवर उगाच संशय घ्याल.

विंडोजच्या शेअरवर इमेज ठेवणाऱ्यांची, म्हणजे जुन्या घोस्टवाल्यांची आणि क्लोनझिला या दुसऱ्या क्लोनिंग सॉफ्टवेअरला सांबा (लिनक्सवरून दिलेला विंडोजसारखा शेअर) देणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी, तिथे वर्ष लक्षात ठेवायचं ते २०१७. मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तो एसएमबीच्या, म्हणजे विंडोज शेअरच्या प्रोटोकॉलच्या, पहिल्या आवृत्तीतल्या छिद्रातून, आणि त्यानंतर ती आवृत्ती जिथे तिथे बंद झाली. वर्षानुवर्षं चाललेल्या बूट डिस्कना अचानक शेअर दिसेनासा झाला तो यामुळे. ती आवृत्ती परत चालू करून काम भागवू नका, बूट डिस्क नवी बनवा.

आता नॅस. छोटा नॅस स्वस्त झाल्यापासून सगळ्यांना इमेजेस तिथेच ठेवायच्या असतात, आणि पहिली कल्पना हीच सुचते की नॅसचा शेअर एनएफएसने फॉग सर्व्हरवर माउंट करू आणि फॉग तो पुढे क्लायंटना देईल. हे चालत नाही, आणि का चालत नाही तेही एनएफएसच्या जन्मातच आहे. सर्व्हर क्लायंटला प्रत्येक फाइलचा एक कायमचा हँडल, म्हणजे ओळखचिन्ह, देतो, सर्व्हर रीबूट झाला तरी तोच हँडल चालायला हवा, कारण सर्व्हर कोणाचं काही लक्षात ठेवत नाही असं मूळ डिझाइनच आहे. स्वतःच्या डिस्कवरच्या फाइलचा असा हँडल तो बनवू शकतो, दुसऱ्याकडून उसन्या आणलेल्या फाइलचा नीट बनवता येत नाही. लिनक्स कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आता री-एक्सपोर्टवर, म्हणजे असा उसना शेअर पुढे देण्यावर, वेगळं पान आहे, पण त्यातही मर्यादा भरपूर लिहिल्यात, आणि वीस-तीस मशीन्सच्या लॅबसाठी त्या वाटेला जाऊ नये असंच मी सांगेन.

त्याऐवजी नॅसलाच फॉगमध्ये स्वतंत्र स्टोरेज नोड म्हणून नोंदवा, म्हणजे क्लायंट थेट नॅसशी बोलेल आणि फॉग सर्व्हर मध्ये येणारच नाही. त्यासाठी नॅसवर एनएफएस चालू, रूटचं मॅपिंग बंद, एफटीपी चालू, आत डेव्ह फोल्डर, दोन्हीकडे डॉट एमएनटीचेक. सिनॉलॉजीवर एक जागा खास अडते: एनएफएसला पाथ दिसतो /व्हॉल्यूम१/इमेजेस, आणि त्याच नॅसच्या एफटीपीने लॉगिन केलं की दिसतं नुसतं /इमेजेस, कारण एफटीपी यूजरला शेअर्सच्या वरचं काही दाखवत नाही. फॉगच्या स्टोरेज नोडमध्ये इमेज पाथ आणि एफटीपी पाथ असे दोन वेगळे रकाने आहेत ते यासाठीच, दोन्हीत एकच पाथ टाकला तर कॅप्चर होईल आणि शेवटी जागेवर बसणार नाही. आणि नॅसला वेगळा नोड करायचा नसेल, सगळं फॉग सर्व्हरमधूनच जायला हवं असेल, तर नॅसवरून आयस्कझीने (नेटवर्कवरून अख्खी डिस्क द्यायची पद्धत) ब्लॉक डिस्क द्या, सर्व्हरला ती स्वतःचीच डिस्क वाटते, तिच्यावर ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस फाइलसिस्टिम करून /इमेजेसवर माउंट केली की री-एक्सपोर्टचा प्रश्नच येत नाही, फक्त बूट होताना ती डिस्क एनएफएस सुरू व्हायच्या आधी जोडली जातेय ना एवढं एकदा रीबूट करून बघून घ्या.