ब्रश फुगतो की झुकतो?

ठाण्याहून वाशीकडे निघालेल्या सकाळच्या लोकलने ब्रेक मारला की उभी माणसं पुढे झुकतात, पाय मात्र जागीच. डबा मोकळा असेल तर माणूस भेलकांडतो, खच्चून भरलेला असेल तर झुकायलाही जागा नसते. एका टोकाने पृष्ठभागाला चिकटलेल्या पॉलिमर साखळ्यांचं (लहान रेणू एकामागोमाग जोडून झालेल्या लांबलचक रेणूंचं) थोडंफार असंच. त्या दाटीवाटीने उभ्या असल्या की थराला 'ब्रश' म्हणतात.

वापर जुनाच. पोथ्यांच्या शाईसाठी काजळी डिंकात घोटत. डिंकाच्या साखळ्या कणांवर बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत, म्हणून गाळ बसत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रंगांच्या कारखान्यांतही युक्ती हीच. हिशेब मात्र उशिरा लागला: १९७७ मध्ये श्लोमो अलेक्झांडर आणि १९८० मध्ये प्येर-जिल द जेन या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की शेजारच्या साखळ्यांच्या दाटीमुळे प्रत्येक साखळी ताणून उभी राहते.

पण हा ब्रश स्वस्थ उभा. घासला तर?

इस्राएलच्या वाइझमन संस्थेत जेकब क्लाइन यांच्या गटाने अभ्रकाच्या दोन गुळगुळीत पापुद्र्यांवर पॉलिस्टायरिन या पॉलिमरचे ब्रश बसवले, टोल्युइन या द्रावकात समोरासमोर आणले आणि एक पापुद्रा आडवा सरकवला. १९९१ मध्ये निष्कर्ष छापून आला: वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पापुद्रे एकमेकांना जास्त जोराने दूर ढकलतात. मग ब्रश फुगला असणार, असं अनेकांना वाटलं. वर्षभरात तसा सिद्धांतही आला. पुढे वाहत्या द्रावकात न्यूट्रॉनांनी ब्रशची जाडी तपासली तेव्हा म्हणण्यासारखी फुगवट सापडली नाही. मला यात नवल वाटत नाही. मोजला होता जोर, उंची नव्हे.

त्याच गटाचा १९९४ चा शोध मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सुमारे दहा वातावरणांचा दाब देऊनही घर्षण गुणांक (घर्षणाचा जोर भागिले दाबणारा जोर) ०.००१ च्या खाली राहिला. सरकण्याचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त ४५० नॅनोमीटर. (नख सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढतं.) इतक्या संथ हालचालीत फुगण्याचा प्रश्नच नव्हता. दाबले तरी समोरासमोरचे ब्रश एकमेकांत फारसे शिरत नाहीत, मधला पातळ थर द्रवच राहतो आणि त्यावर पापुद्रे सरकतात.