वैद्यकीय माहितीची गळती : रुग्णाचे हक्क आणि दक्षता (भारत)

रुग्णालय, प्रयोगशाळा किंवा आरोग्य विमा कंपनी यांच्याकडील रुग्णाची माहिती परवानगीवाचून बाहेर जाणे, बदलली जाणे किंवा वापरता न येणे, याला वैद्यकीय माहितीची गळती म्हणतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पाच सर्व्हरांवर खंडणीसाठी सायबर हल्ला झाला, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि केसपेपरपासून बिलापर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. माहिती चोरीला न जाता नुसती अडकून पडली, तरी कायद्याच्या लेखी ती गळतीच ठरते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार गळतीची खबर डेटा संरक्षण मंडळाला आणि बाधित झालेल्या प्रत्येक रुग्णाला देणे संस्थेवर बंधनकारक आहे. काय घडले, केव्हा घडले, त्याचे परिणाम काय संभवतात, रुग्णाने कोणती काळजी घ्यावी आणि चौकशी कोणाकडे करावी, हे त्या सूचनेत सोप्या भाषेत सांगावे लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनी या कर्तव्यांच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होतो, रुग्णाच्या हाती त्यातला छदामही येत नाही. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनी आजार व वैद्यकीय नोंदी यांना ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा दिला होता, तसा भेद नव्या कायद्यात नाही, ही त्याची मोठी उणीव म्हणावी लागेल.

भरपाईसाठी म्हणून अन्य मार्ग पाहावे लागतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३अ निष्काळजी कंपनीकडून भरपाई मिळवून देणारे आहे, पण नवा कायदा पूर्णपणे लागू होताना ते वगळले जाणार आहे. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती इतरांना उघड करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा असल्याने जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो. सर्वांना मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध मात्र तो सहसा चालत नाही. एचआयव्हीबाधितांच्या माहितीच्या गोपनीयतेला २०१७ च्या स्वतंत्र कायद्याचे संरक्षण आहे.

डेटा संरक्षण मंडळाकडे जाण्यापूर्वी संस्थेच्या तक्रार निवारण व्यवस्थेकडे दाद मागावी लागते. म्हणून अर्ज लेखी द्यावा, आवक-जावक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी आणि गळतीबद्दल संस्थेकडून आलेला संदेश पुसू नये.

गळतीनंतरचा खरा धोका बहुधा फोनवरून येतो. ‘तुमच्या अँजिओप्लास्टीचा क्लेम अडकला आहे, ओटीपी सांगा’ असे म्हणणाऱ्याला शस्त्रक्रियेची तारीख आणि डॉक्टरांचे नाव ठाऊक असल्याने रुग्णाचा चटकन विश्वास बसतो. अशा वेळी फोन ठेवून पॉलिसीवर छापलेल्या क्रमांकावर आपणच विचारणा करावी. आधारचे बायोमेट्रिक लॉक करणे, विम्याच्या दाव्यांची यादी तपासणे आणि पतमाहिती कंपनीकडून (कर्ज व परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून) वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा अहवाल पाहणे उपयोगी ठरते. खात्यातून पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर आणि बँकेला तत्काळ कळवावे. चूक बँकेची किंवा खातेदाराची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि खातेदाराने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे तोटा त्याच्यावर पडत नाही.