हायड्रोजन इंधनघटावर विद्युत वाहनांचे चार्जिंग : गुंतवणुकीच्या शक्यता

विजेच्या गाडीला लागणारी वीज ग्रीडमधून न घेता चार्जिंगच्या जागीच हायड्रोजनपासून तयार करण्याची पद्धत. इंधनघटात, म्हणजेच फ्युएल सेलमध्ये, हायड्रोजनचे ज्वलन होत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन वीज, उष्णता आणि पाणी मिळते. किलोभर हायड्रोजनमागे सुमारे नऊ किलो पाणी. विल्यम ग्रोव्ह यांनी हे तत्त्व १८३९ च्या सुमारास मांडले आणि १९६५ मध्ये जेमिनी ५ या अंतराळयानाने ते वापरले. तंत्र जुने आहे. त्यावर चार्जिंगचा धंदा उभा करण्याचा विचार मात्र अलीकडचा.

त्यामागे अडचण आहे ती वायरची. १५० किलोवॉटचे चार फास्ट चार्जर एका वेळी चालवायचे तर ६०० किलोवॉटची जोडणी लागते. त्यासाठी नवा ट्रान्सफॉर्मर, नवी केबल आणि मंजुरी हवी, आणि हे सगळे जुळायला अनेक ठिकाणी वर्ष-दोन वर्षे जातात. इंधनघटाचा कंटेनर ट्रेलरवरून आणून काही दिवसांत उभा करता येतो. गुंतवणूकदाराला आकर्षण वाटते ते या वाचलेल्या वेळाचे.

खरा हिशेब मात्र किलोने करावा लागतो. एका किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते आणि इंधनघट तिच्यातली निम्मी विजेत बदलतो, म्हणजे हाती १६ युनिट पडतात. जागेवर पोचलेला हायड्रोजन किलोला ८ डॉलरने मिळाला, तर केवळ इंधनापोटी युनिटला अर्धा डॉलर जातो. यंत्राची किंमत, देखभाल आणि कर्जावरचे व्याज वेगळे. तोच २ डॉलरने मिळाला तर हा खर्च साडेबारा सेंटवर येतो आणि व्यवसायाला अर्थ उरतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०२१ मध्ये दहा वर्षांत किलोला १ डॉलर हे उद्दिष्ट जाहीर केले. पण ते उत्पादनखर्चाचे आहे. वायू दाबणे, वाहून नेणे, साठवणे यांचा भार त्यात धरलेला नाही, आणि प्रस्तावांतील आकडे बहुधा इथेच घसरतात.

वाहतुकीचेच उदाहरण घ्या. पोलादी नळकांड्यांनी भरलेला, २०० बार दाबाचा, चाळीस टनी ट्रक जेमतेम ३०० किलो हायड्रोजन आणतो. त्यातून ४,८०० युनिट वीज निघते. एका गाडीला ५० युनिट धरले, तर एवढ्या मोठ्या ट्रकभर मालात शंभर गाड्याही पुरत्या चार्ज होत नाहीत. शिवाय विद्युत विघटनाने, म्हणजे विजेने पाणी फोडून, एक किलो हायड्रोजन बनवायला ५० ते ५५ युनिट वीज खर्च होते. म्हणजे घातलेल्या विजेपैकी तिसरा हिस्साही परत मिळत नाही. लिथियम बॅटरी ८५ टक्क्यांच्या आसपास परत देते.

म्हणून या क्षेत्राचा खरा प्रतिस्पर्धी ग्रीड नसून बॅटरी आहे. बॅटरी पॅकची सरासरी किंमत २०१० मध्ये साठवणक्षमतेच्या युनिटमागे हजार डॉलरच्या वर होती, २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आली. कमजोर जोडणीतून दिवसभर हळूहळू वीज घेऊन गाडीला ती झपाट्याने देणारा बॅटरीयुक्त चार्जर अनेक ठिकाणी स्वस्त पडतो. जिथे वायरच नाही, किंवा जिथे काम चार-सहा आठवडेच चालायचे आहे, तिथे चित्र बदलते : बांधकामाची ठिकाणे, शर्यती, आपत्तीनंतरची सेवा. तिथे तुलना डिझेल जनरेटरशी होते आणि हायड्रोजनची बाजू वरचढ ठरू शकते. एएफसी एनर्जी या ब्रिटिश कंपनीने २०२१ मध्ये एक्स्ट्रीम ई या विद्युत गाड्यांच्या शर्यतींना अशी वीज पुरवली. यंत्र विकण्यापेक्षा भाड्याने देण्याची पद्धत इथे जास्त शहाणपणाची.

शेअर बाजारातला अनुभव कठोर आहे. जनरल मोटर्सने जानेवारी २०२२ मध्ये इंधनघटावरचे चार्जर जाहीर केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या पिढीच्या इंधनघटांचा विकासच थांबवला. प्लग पॉवर या अमेरिकी इंधनघट कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपला व्यवसाय चालू राहण्याबद्दल स्वतःच शंका नोंदवली. हायड्रोजन ट्रक बनवणारी निकोला फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. या कंपन्यांचे संकट चार्जिंगमुळे ओढवले नव्हते, तरी भांडवल उभारताना त्याची सावली सगळ्यांवर पडते.

अमोनिया किंवा मिथेनॉल द्रवरूपात आणून जागेवर हायड्रोजन काढण्याचे प्रयोग वाहतुकीची अडचण हलकी करतात. मिथेनॉलमधून कार्बन डायऑक्साइड मात्र निघतोच.

प्रस्ताव वाचताना इंधनघटाच्या संचाचे आयुष्य तासांत पाहावे. वर्षाचे तास ८,७६० असतात. कारसाठी घडवलेल्या संचाचे आयुष्य काही हजार तासांचेच असते. तो अहोरात्र चालवला तर वर्षाच्या आतबाहेर बदलावा लागेल. तो खर्च पुरवठादार उचलणार की चार्जिंग केंद्राचा मालक, हे करारात लिहिलेले नसेल, तर परताव्याचा आकडा अपुरा समजावा.