बाहेरचं की आतलं? भूतबाधेवरचा जुना वाद

मराठीत देव अंगात ‘येतो’ किंवा ‘संचारतो’. भूत मात्र ‘लागतं’, ‘धरतं’, ‘झपाटतं’. बाई तीच असते, तसेच केस सुटलेले असतात, तशीच मान गरगर फिरत असते. बघणाऱ्यांनी कोणतं क्रियापद वापरलं यावर ठरतं, की तिच्या पायावर पाणी घालून हळदकुंकू लावायचं की तिच्या नाकाशी मिरच्यांची धुरी धरायची. भूतबाधा खरी की खोटी, हा वाद आपल्याकडे तसा अलीकडचा आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून भांडण चाललं होतं ते वेगळंच: आत शिरलंय कोण, आणि ते काढायचा अधिकार कोणाचा?

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी भूतविद्या हे एक अंग. तेव्हा जुन्या वैद्यांना भूत मान्य होतं असं म्हणून मोकळं होता येतं, पण त्यांच्यातच एकमत नव्हतं. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार आहेत. वात-पित्त-कफ या दोषांमुळे होणारे चार आणि पाचवा ‘आगंतू’, म्हणजे बाहेरून आलेला. आता हा बाहेरचा प्रकार मान्य केल्यावर तीच संहिता निदानस्थानात सांगते, की जो स्वतःच्या कर्माने क्लेशात पडलेला नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस यांपैकी कोणीही त्रास देत नाही. दोष प्रज्ञापराधाचा, म्हणजे स्वतःच्याच बुद्धीच्या चुकीचा, भुताच्या नावाने बोटं मोडू नका. सुश्रुतसंहितेची तऱ्हा आणखी मजेशीर. देवादी ‘ग्रह’, म्हणजे माणसाला धरणाऱ्या शक्ती, माणसात कधीच शिरत नाहीत, आणि शिरतात असं अज्ञानाने म्हणणाऱ्यांना भूतविद्येच्या वाटेला फिरकू देऊ नये, असं तिथे बजावलंय. मग शिरतं कोण? तर त्यांचे नोकरचाकर. नाही म्हणता म्हणता मागचं दार उघडं ठेवायची ही रीत पुढच्या काळातही अनेकांनी पाळली.

महाराष्ट्रात या समजुतीला घरोघरी नेलं ते दत्तसंप्रदायाच्या गुरुचरित्राने. त्यातली शिरोळच्या बाईची कथा वाचताना माझं लक्ष नेहमी पैशावर जातं. तिची मुलं जगत नाहीत. कारण काय, तर मागच्या जन्मी तिने एका शौनकगोत्री ब्राह्मणाचे शंभर रुपये बुडवले. त्याने जीव दिला आणि तो पिशाच होऊन तिच्या पोटाला लागला. उपाय म्हणून नृसिंहसरस्वती मारहाण सांगत नाहीत. औदुंबराची सेवा करायला सांगतात, आणि त्याच गोत्राच्या ब्राह्मणाला शंभर रुपये द्यायला सांगतात. म्हणजे भूत कोणाचं, तर थकलेल्या कर्जाचं!

याच दत्तसंप्रदायाची नरसोबाची वाडी, औदुंबर आणि भीमा-अमरजेच्या संगमावरचं गाणगापूर ही बाधा उतरवण्याची ठाणी झाली. गाणगापूर आज कर्नाटकात असलं तरी गर्दी बरीचशी मराठीच असते. आरतीचा नगारा सुरू झाला की इतका वेळ गप्प बसलेली एखादी बाई उठते, घुमायला लागते, देवळाच्या खांबाला मिठी मारून वर चढू पाहते आणि महाराजांनाच शिव्या घालते. ‘सोड मला, भाजतंय, जाते मी!’ सोबतचे नातेवाईक हात जोडून उभे राहतात. त्या शिव्यांचा राग कोणालाच येत नाही. एरवी सासरी वर मान करून न बोलणाऱ्या बाईला सगळ्यांदेखत ओरडायची ही एवढीच जागा असावी, असं वाटून जातं.

गावच्या देवऋषाची पद्धत निराळी. तो चौकशी करतो: ‘कोण तू? कुठला? का धरलंस? काय घेऊन जाशील?’ भुताने नाव, गाव आणि मागणी सांगायची. मग दहीभात, नारळ, नाहीतर काळी कोंबडी तिन्हीसांजेला शिवेवर ठेवायची. हा झाला उतारा. सौद्याने जमलं तर ठीक, नाहीतर कोरडा आणि बेड्या.

संतांनी यावर काय म्हटलं, तर एकसारखं काहीच नाही. एकनाथांनी ‘भूत जबर मोठं गं बाई’ म्हणत देवऋषी, लिंबू-नारळ, उतारा सगळं भारुडात आणलं आणि शेवटी कळतं की हे न उतरणारं भूत म्हणजे परमेश्वरच. ते नारदाला लागलं, ध्रुवबाळाला लागलं. तुकोबांनी जाखाई-जोखाई, मेसाबाईला बाजूला सारून पंढरीरायाचं बळ सांगितलं. तिकडे रामदासांच्या भीमरूपीत ‘भूतप्रेतसमंधादि’ रोगव्याधींच्या ओळीत बसलेत, आणि दिवेलागणीला ते म्हणणाऱ्या घरांत भूत न मानणारे कितीतरी जण असतात.

इंग्रजी अमदानीत या सगळ्याची नोंद झाली, तीही मोठ्या योगायोगाने. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन हा संस्कृत जाणणारा, लोकसमजुती गोळा करणारा माणूस. त्याने शाळामास्तरांकडून उत्तरं मागवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी विजयानंद नाट्यगृहात त्याला गोळ्या घातल्या. ते कागद पुढे एन्थोवेन या अधिकाऱ्याने संपादून छापले. त्यांत मुंजा आहे, समंध आहे, हडळ, जखीण, लावसट आहे. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा. हडळ बाळंतपणात किंवा विटाळात गेलेली, जखीण नवऱ्यामागे न राहता सवाष्णपणी गेलेली, तर लावसट ही विधवा. जात, वय, लग्न, बाळंतपण. जिवंतपणी माणसाला ज्या रकान्यांत बसवलं, मेल्यावरही त्यातच!

गोव्यात तर एका शब्दाचीच फाटाफूट झाली. हिंदूंचा देवचार हा बहुधा गावाचा राखणदार, रात्री हातात काठी घेऊन फिरणारा, नारळ-विडी मागणारा. ख्रिस्ती कोंकणीत मात्र देवचार म्हणजे सैतान. कॅथलिक चर्चने भूत काढायचा विधी नाकारला नाही, पण तो बिशपच्या परवानगीत बांधला. १६१४ चा विधी १९९९ मध्ये सुधारून छापला.

डॉक्टरांनी आधी याला हिस्टेरिया म्हटलं. तो शब्द मोडीत निघाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात ‘तंद्रा आणि संचार’ ही वेगळी नोंद आली, पण अटीसह. संचार मनाविरुद्ध, नकोसा असेल आणि धार्मिक रिवाजाच्या चौकटीबाहेरचा असेल तरच तो विकार. म्हणजे जागरणात भंडारा उधळताना येणारं वारं आजार नाही. तेच वारं भाताला फोडणी देताना रोज येऊ लागलं तर आजार. वैद्यकानेही भूत आहे की नाही यात न पडता त्रास होतोय का, एवढंच विचारलं.

आगरकरांच्या ‘सुधारका’पासूनच्या बुद्धिवाद्यांना हा मधला मार्ग कधी मानवला नाही. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली, तिने भूत दाखवा म्हणून जाहीर आव्हानं दिली. जादूटोणाविरोधी कायद्याचा मसुदा मात्र वर्षानुवर्षं रखडला. वारी, भजन, नवस यांवर गदा येईल अशी धास्ती वारकऱ्यांतही होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आठवडाभराच्या आत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला.

त्याची अनुसूची वाचण्यासारखी आहे. पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या बहाण्याचं: दोराने किंवा साखळीने बांधणं, काठी-चाबकाने मारणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, केस उपटणं, तापलेल्या वस्तूचे चटके देणं, तोंडात मलमूत्र घालणं. एवढी बारकाईची यादी कल्पनेतून तयार होत नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच ते पन्नास हजार. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन यांना कायदा हात लावत नाही, आणि भूत असतं की नसतं याबद्दल त्यात एक वाक्य नाही. चार वर्षांनी, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणं देशभर बंद केलं. त्यामागे तमिळनाडूतल्या एरवाडीची आठवण होती. ऑगस्ट २००१ मध्ये तिथे दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही.