दोन रुळांतून वीज आणि निरोपही

तांब्याच्या उघड्या तारेचं लांबलचक वेटोळं आणि त्यात सरकवलेला, दोन्ही टोकांना चुंबक चिकटवलेला पेन्सिल सेल. सेल आत गेला की सुळकन पळत सुटतो. हा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरतो आणि दर वेळी मथळा तसाच असतो: विजेशिवाय, इंधनाशिवाय कायम धावणारी रेल्वे! प्रयोग खरा आहे, सुंदरही आहे. मथळा मात्र धादांत खोटा आहे. सेलचा करंट धातूचा मुलामा असलेल्या चुंबकांमधून तारेच्या तेवढ्याच भागात शिरतो, तेवढा भाग विद्युतचुंबक बनतो आणि त्या दोन चुंबकांना पुढे रेटतो. ऊर्जा येते ती सेलमधूनच. तार जवळजवळ शॉर्टसर्किटच असल्यामुळे सेल तापतो आणि थोड्याच वेळात बसतो. फुकटची ऊर्जा इथेही नाही आणि कुठेच नाही.

मला या मथळ्याचा राग येण्याचं आणखी एक कारण आहे. घरात प्लायवूडवर मांडलेल्या मॉडेल रेल्वेत खरोखर थक्क व्हावं असं विज्ञान भरलेलं आहे, आणि ते कुणी फॉरवर्ड करत नाही. बहुतेकांना वाटतं, इंजिनात सेल असतो आणि हातात रिमोट. तसं नसतं. इंजिनाला वीज रुळांतून मिळते. एकाच मार्गावर दोन गाड्या एकाच वेळी एकमेकींच्या विरुद्ध दिशेला, वेगवेगळ्या वेगाने जाऊ शकतात, आणि रूळ मात्र दोनच असतात. हे कसं होतं, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

त्याआधी थोडं मापांबद्दल. पुण्यात कोथरूडला १९९८पासून जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, ते अनेकांनी पाहिलं असेल. जर्मनीत हॅम्बुर्गला मिनिआटुर वुंडरलँड आहे, या छंदाची पंढरीच म्हणायची. जगात सर्वांत प्रचलित प्रमाण एचओ, म्हणजे खऱ्याच्या ८७वा भाग. साडेतेवीस मीटरचा एलएचबी (आपल्या एक्स्प्रेस गाड्यांचा नव्या धाटणीचा) डबा त्यात २७ सेंटिमीटरचा होतो. एचओच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. त्याला ८७ने गुणलं की जवळजवळ नेमका १,४३५ मिलिमीटरचा स्टँडर्ड गेज येतो, कारण हे प्रमाण ठरलं ते युरोप-अमेरिकेतल्या गाड्यांसाठी. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, म्हणजे त्याला १९.३ मिलिमीटरचा रूळ हवा. तसा रूळ बाजारात तयार मिळत नाही. म्हणून आपल्या डब्यांची मॉडेलंही बहुधा अरुंद रुळावरच धावतात आणि नजर सरावलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

नॅरोगेजवाल्यांचं नशीब मात्र बलवत्तर आहे. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची होती, मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतलाही तेवढ्याच गेजची. ८७ने भागलं की येतात पावणेनऊ मिलिमीटर. आणि एन नावाच्या आणखी लहान प्रमाणाचा तयार रूळ असतो ९ मिलिमीटरचा! पाव मिलिमीटरचा फरक. डबे एचओच्या मापाने घरी करायचे, रूळ एनचा घ्यायचा, की बार्शी लाइनवरच्या कुर्डुवाडीचं यार्ड भिंतीकडेच्या फळीवर मावतं. (स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, फार जवळ जवळ पडतात, ते मात्र स्वतः बदलावे लागतात.)

आता मुख्य गोष्ट.

शाळेत आपण सेलला छोटी मोटर जोडतो. तारांची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते, व्होल्टेज वाढवलं की जोरात फिरते. जुन्या पद्धतीची मॉडेल रेल्वे एवढ्यावरच चालते. रुळांना शून्य ते बारा व्होल्ट डीसी द्यायचे, चाकांमधून वीज मोटरला पोचते. अडचण येते दुसरं इंजिन ठेवल्यावर. त्यालाही तेच व्होल्टेज मिळतं, म्हणून दोन्ही एकदम सुटतात आणि एकदम थांबतात. यावर पूर्वीचा उपाय म्हणजे रूळ ठिकठिकाणी कापून वेगवेगळे विभाग करायचे आणि प्रत्येकाला स्वतंत्र स्विच द्यायचा. मग गाडी चालवणारा माणूस गाडीकडे कमी आणि स्विचबोर्डाकडे जास्त बघत बसतो.

१९८०च्या दशकात जर्मनीतल्या लेंझ या कंपनीने वेगळी वाट काढली. पुढे अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने तिच्यावरून सर्वांसाठी एक मानक ठरवलं. त्याचं नाव डिजिटल कमांड कंट्रोल, डीसीसी. यात रुळांवर कायम साधारण पंधरा व्होल्ट असतात, गाडी उभी असली तरी. मात्र ते स्थिर डीसी नसतात. एका क्षणी डावा रूळ अधिक आणि उजवा उणे, पुढच्याच क्षणी उलट, अशी अदलाबदल सेकंदाला हजारो वेळा चालू असते. इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक पट्टी बसवलेली असते, तिला डीकोडर म्हणतात. डीकोडरमध्ये चार डायोडांचा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा, पूल असतो. कुठलाही रूळ अधिक असो, पुलाच्या पलीकडे अधिक ते अधिक आणि उणे ते उणेच निघतं. दोन डायोड ओलांडताना दीडेक व्होल्ट वाया जातात, पण शक्तीचा पुरवठा अखंड राहतो.

मग निरोप कुठे असतो? तो अदलाबदलीच्या वेळेत असतो. रूळ ५८ मायक्रोसेकंद एका बाजूने आणि ५८ मायक्रोसेकंद दुसऱ्या बाजूने अधिक राहिला, तर तो १ समजायचा. दोन्ही बाजूंनी १०० मायक्रोसेकंद राहिला, तर ०. (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.) व्होल्टेज कमीजास्त होत नाही, तार वाढत नाही, रेडिओ लागत नाही. व्होल्ट तेवढेच राहतात, बदलतं ते फक्त त्यांनी बाजू कधी पालटायची एवढंच. माहिती विजेच्या प्रमाणात न ठेवता वेळेत ठेवली, म्हणून माहिती पाठवताना शक्ती एका कणानेही कमी करावी लागत नाही. ही कल्पना मला विलक्षण आवडते.

हे निरोप रुळावरच्या सगळ्या इंजिनांना एकदम पोचतात. स्टेशनवरची घोषणा सगळ्या फलाटाला ऐकू येते, पण उठतात त्या गाडीचेच प्रवासी, तसं हे आहे. प्रत्येक डीकोडरला एक नंबर असतो. नव्या डीकोडरचा नंबर कारखान्यातूनच ३ ठेवलेला असतो. समजा, तीन नंबरच्या इंजिनाला पुढे जायचा हुकूम द्यायचाय. आधी निदान चौदा वेळा १ येतो, ती नुसती ‘लक्ष द्या’ अशी सूचना. मग एक ०, आणि त्यानंतर आठ अंकांत पत्ता: ००००००११. हा द्विमान पद्धतीतला ३. पुन्हा एक ० आणि मग हुकूम: ०१११०१००. त्यातले पहिले ०१ म्हणजे ‘हा वेगाचा हुकूम आहे’, तिसरा १ म्हणजे ‘पुढे’ आणि उरलेल्या पाच अंकांत वेगाची पायरी. पुन्हा ०, आणि शेवटी पडताळणी: ०१११०१११. पत्ता आणि हुकूम एकाखाली एक मांडा. जिथे दोन अंक सारखे असतील तिथे ० लिहा, वेगळे असतील तिथे १. करून बघा, हीच ओळ येते. डीकोडरही हेच गणित करतो, आणि उत्तर जुळलं नाही तर निरोप मुकाट्याने टाकून देतो. धुळीवरून जाताना चाक क्षणभर उचललं जाऊन एखादा अंक बिघडला, तरी इंजिन भलतंच काही करत नाही ते यामुळे. शेवटी एक १ येतो आणि निरोप संपतो.

या निरोपात १ सत्तावीस वेळा येतो आणि ० पंधरा वेळा. एका १ला ११६ मायक्रोसेकंद, एका ०ला २००. गुणून बेरीज केली की ६,१३२ मायक्रोसेकंद, म्हणजे जेमतेम सहा मिलिसेकंद. सेकंदाला असे १६०हून अधिक निरोप जाऊ शकतात. म्हणून निरोप पाठवणारा कंट्रोलर प्रत्येक इंजिनाचा हुकूम पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. एखादा हुकला, तर पुढचा येतोच.

याचा एक परिणाम फार गमतीचा आहे. जुन्या पद्धतीत दिशा ठरत होती ती कुठला रूळ अधिक आहे यावरून. म्हणून इंजिन उचलून उलटं ठेवलं, तरी ते खोलीच्या त्याच भिंतीकडे जायचं, आता पाठमोरं. डीसीसीत दिशा निरोपातून येते. ‘पुढे’ म्हणजे इंजिनाचं स्वतःचं पुढे, मग ते कसंही ठेवा. लूप घेऊन त्याच मार्गावर परत येणारा रूळ टाकला, की डावा रूळ फिरून उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. डीसीसीत तेवढा लूप दोन्ही टोकांना कापून वेगळा करतात आणि त्याला एक आपोआप बाजू पालटणारं सर्किट जोडतात. गाडी सांध्यावरून जात असताना ते लूपची बाजू पालटून टाकतं आणि गाडीला पत्ताही लागत नाही. तिच्या दृष्टीने बाजू सतत पालटतच असते.

डीकोडरचं आणखी एक काम मला या सगळ्याहून प्रिय आहे. इंजिनाचं झाकण उघडलं की आत बारीक तारा दिसतात: लाल आणि काळी रुळांकडून आलेली, नारिंगी आणि करडी मोटरकडे गेलेली. या नारिंगी-करड्या जोडीतून डीकोडर मोटरला सलग वीज देत नाही, तर पूर्ण व्होल्टेजचे बारीक झटके देतो. झटका मोठा आणि मधली विश्रांती छोटी असेल तर वेग जास्त, उलट असेल तर कमी. प्रत्येक झटका पूर्ण ताकदीचा असल्यामुळे थांबलेलं इंजिन अडखळत न सुटता अलगद हलतं.

आणि विश्रांतीच्या वेळी? तेव्हा मोटर फिरतच असते, पण तिला वीज मिळत नसते. चुंबकीय क्षेत्रात फिरणारी गुंडाळी म्हणजे जनित्र. फॅरडेने १८३१मध्ये दाखवून दिलं तेच. मोटर स्वतः व्होल्टेज तयार करू लागते आणि ते तिच्या वेगाच्या प्रमाणात असतं. झटका चालू असताना हे मोजता येत नाही, कारण आपण दिलेलं व्होल्टेज त्यावर बसलेलं असतं. म्हणून डीकोडर सेकंदातून कित्येक वेळा मोटर क्षणभर सोडून देतो, गुंडाळीतला उरलेला करंट विरू देतो आणि मग त्याच दोन तारांवर किती व्होल्ट आहेत ते वाचतो. झाला वेग मोजून! चाकावर वेगळा सेन्सर नाही, की काही नाही. वेग कमी भरला तर पुढचे झटके लांबवायचे, जास्त भरला तर आखडायचे. त्यामुळे गाडी चढावर रेंगाळत नाही आणि उतारावर उधळत नाही. कर्जत-लोणावळा घाटाचा १:३७ चढ टेबलावर करून बघा, म्हणजे दर ३७ सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. याची किंमत तिथे कळते. मुंबईच्या लोकल ब्रेक लावताना मोटरीलाच जनित्र करून वीज तारेत परत पाठवतात, त्यामागचं मूळ विज्ञान हेच. तिथे वीज वाचवायची असते, इथे फक्त वेगाचा अंदाज घ्यायचा असतो.

हे सगळं अवलंबून असतं चाक आणि रूळ यांच्या एका बारीकशा स्पर्शबिंदूवर. लांबी ८७ पट कमी झाली की घनफळ साडेसहा लाख पट कमी होतं. १२३ टनांचं डब्ल्यूएपी-७ हे विजेवरचं इंजिन हिशेबाने १८७ ग्रॅमचं व्हायला हवं. एवढं हलकं इंजिन धुळीचा थर दाबून तोडू शकत नाही आणि डबेही नीट ओढू शकत नाही, म्हणून मॉडेलच्या पोटात मुद्दाम धातूचं वजन भरतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात रूळ वरचेवर पुसावे लागतात. पितळी रूळ घेऊ नयेत, निकेल सिल्व्हरचे घ्यावेत. नावात चांदी असली तरी त्यात तांबं, जस्त आणि निकेलच असतं, पण त्यावर साचणारा थर वीज कमी अडवतो. खडी बसवताना फेव्हिकॉलमध्ये पाणी घालतात आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. त्याने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि गोंद खड्यांवर थेंबाथेंबाने न बसता आत मुरतो.

वायरिंगमध्ये मात्र काटकसर करू नये. रुळाचे तुकडे जोडणाऱ्या पत्र्याच्या क्लिपा कालांतराने सैल पडतात. म्हणून फळीखालून दोन जाड तारा फिरवाव्यात आणि दर मीटरभर अंतरावर त्यांतून रुळाला तार सोल्डर करावी. डीसीसीत रुळांना शक्ती पुरवणारे बूस्टर सर्रास पाच अँपिअर देऊ शकतात. शॉर्ट झाला तर ते बंद पडायला हवेत, पण वाटेत चार ओहमचा रोध असेल तर पंधरा व्होल्टला पावणेचार अँपिअरच वाहतात. बूस्टरला वाटतं, बऱ्याच गाड्या चालू आहेत, आणि पन्नासहून अधिक वॉट उष्णता एका सांध्यापाशी निर्माण होत राहते. प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. म्हणून लेआउट पुरा झाल्यावर सजावट करण्याआधी दोन रुपयांचं नाणं घ्या आणि दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. बूस्टर तत्क्षणी बंद पडला पाहिजे. पुन्हा चालू करा, हातभर पुढे जा, पुन्हा टेकवा. सगळा रूळ असा तपासा, यार्डातली शेवटची लाइनसुद्धा. जिथे बूस्टर बंद पडला नाही, तिथून नाणं लगेच उचला आणि त्या जागी आणखी एक तार सोल्डर करा.