मोबाइलच्या आधी सेल आला

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्याच्या तोंडाशी असलेलं आठ फुटी घड्याळाचं दुकान या महिन्यात बंद होतंय. काचेचं कपाट विकून झालं. उरलंय ते दुकानदार चाचांचं बाकडं, वरचा दिवा आणि ड्रॉवरमधलं सामान. जुनी घड्याळं आणि त्यांचे सुटे भाग शोधायला मी इथं बावीस वर्षं येतोय. बंद होतंय म्हटल्यावर जो तो एकच म्हणतो, "मोबाइलनं खाल्लं." मला हे पटत नाही. मोबाइल आला तो खांदा द्यायला. दुखणं त्याच्या कितीतरी आधीचं होतं.

चाचांचे वडील हैदराबादेत काम शिकून आले. लातूर तेव्हा निजामाच्या मुलखात, आणि घड्याळ दुरुस्त करणारा तो घडीसाज. म्हातारी माणसं अजून हाच शब्द वापरतात. गोलाई १९१७ची. त्याच्या आधीच, १९११ साली, बार्शी लाइटची अडीच फुटी रुळांवरची गाडी लातूरला पोचली होती. बार्शी इंग्रजांकडे, लातूर निजामाकडे, त्यामुळे मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. अडते, वकील, अंमलदार यांच्या खिशात किंवा मनगटावर असायची ती स्विस घड्याळं: वेस्ट एंड, फाव्र-लुबा, रोमर. बाकीच्यांचा दिवस गाडीच्या शिट्टीवर चाले, असं चाचा सांगतात.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवायचं म्हणून बाहेरच्या घड्याळांवर बंधनं आली. चोरटा माल मुंबईहून यायचाच, पण तो सगळ्यांसाठी नव्हता. सगळ्यांसाठी आली ती सरकारी कंपनी एचएमटी. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानं बंगळूरला कारखाना सुरू झाला आणि पुढं 'जनता' हे मॉडेल खरंच नावाप्रमाणे झालं. लग्नाच्या बोलणीत सायकल, रेडिओ आणि घड्याळ ही तिन्ही एका दमात मागितली जात. पोरगं मॅट्रिक झालं की घड्याळ, निवृत्तीच्या समारंभात पुन्हा घड्याळ, मागच्या झाकणावर नाव कोरून. माझ्याकडे अशी अकरा आहेत. त्यातल्या एकावरही माझं नाव नाही, हे सांगायला नको.

आता खरा मुद्दा. जनता हे चावीचं घड्याळ. सतरा ज्वेलचं (चाकांचे आस ज्यात फिरतात ते बारके खडे) मशीन, तासाला अठरा हजार ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. एवढं पळणाऱ्या वस्तूला तेल लागतं, आणि तेल वाळतं. म्हणून दोन-तीन वर्षांनी ते उघडावंच लागे. चाचांचं काम मी कितीदा पाहिलंय: डोळ्याला भिंग, चिमट्यानं बॅलन्स, म्हणजे मागंपुढं हलणारं ठोक्याचं चाक, उचलायचा, केसाहून बारीक स्प्रिंग लोंबकळत असते तिला धक्का लागू द्यायचा नाही, सगळे भाग पेट्रोलच्या वाटीत ब्रशनं धुवायचे, आणि सुईच्या टोकावर जेवढं मावेल तेवढंच तेल ज्वेलमध्ये. जास्त झालं तर पसरतं. शेवटी बॅलन्स बसवला की चाक स्वतःहून हलायला लागतं. त्या क्षणी चाचा श्वास सोडतात, पन्नास वर्षांनंतरही.

म्हणजे एकदा विकलेलं घड्याळ दहा वेळा परत यायचं. दुकान चालायचं ते याच्यावर. कपाटातली नवी घड्याळं तर शोभेला होती. भिंतीवरची लंबकाची घड्याळंही अशीच येत. १९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर काही दिवस लोक बंद पडलेली लंबकाची घड्याळं घेऊन येत होते. आत काही मोडलेलं नसे. लंबकाचा टिक आणि टक सारख्या अंतरानं पडला नाही तर ते थोड्या वेळात थांबतं, आणि घड्याळ खिळ्यावर जरासं सरकलं तरी तेवढं पुरतं. चाचा ते भिंतीला लावून कानानं ऐकत, सरळ करत आणि परत देत. पैसे घेतले नाहीत.

तोवर तिकडं सगळं ठरून गेलं होतं. १९६९च्या डिसेंबरात जपानच्या सायकोनं पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, मनगटी घड्याळ विकायला काढलं. आजच्या क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो; त्याच्यापुढं आपले पाच ठोके म्हणजे बैलगाडी. १९८४ साली टाटा आणि तामिळनाडूचं सरकारी महामंडळ यांनी मिळून टायटन काढली, होसूरला कारखाना घातला आणि भर दिला तो क्वार्ट्झवर. एचएमटीनंही क्वार्ट्झ बनवलं, पण तिचा जीव चावीच्या घड्याळात अडकला होता. भिंतीवर अजंता आलं; नाव आपल्या लेण्यांचं, कारखाना गुजरातेतल्या मोरबीचा.

घडीसाजाच्या हिशेबानं क्वार्ट्झ म्हणजे ६२६ नंबरचा सेल. दोन वर्षांनी झाकण उघडा, सेल बदला, झालं. मशीन बिघडलंच तर आख्खं बदला. धुण्यापेक्षा नवं स्वस्त. "सेल टाकायला काय शिकावं लागतंय?" चाचा म्हणतात. "माझ्या पोरानं का बसावं हितं?" पोरगा बसला नाही. ही गोष्ट लातुरात मोबाइल दिसायच्या आधीची.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि आमच्यासारख्यांना एकदम उमाळा आला. भाव चढले. रंगवलेल्या डायली, याचं मशीन त्याच्या केसमध्ये, असला माल 'अस्सल' म्हणून खपू लागला. आम्ही संग्राहक जुन्या दुकानांना जगवतो असं आम्हाला वाटतं. मी वर्षातून तीनदा यायचो, मेलेली घड्याळं किलोच्या भावानं न्यायचो आणि चहा चाचांचाच प्यायचो.

बाकड्याच्या ड्रॉवरमधून मी एकच वस्तू मागितली: पत्र्याचा तंबाखूचा डबा. आत कागदाच्या बारक्या पुड्या, प्रत्येकीत बॅलन्स स्टाफ (बॅलन्सचा आस), चावीचे दांडे, स्क्रू. वर चाचांच्या वडलांच्या हातची उर्दू अक्षरं. मला उर्दू येत नाही. चाचा दोन संध्याकाळी बसून एकेक पुडी वाचत गेले, मी खाली पेन्सिलीनं मराठीत लिहीत गेलो. एकशे चाळीस झाल्या. सात पुड्यांवरचं अक्षर त्यांनाही लागलं नाही. "अब्बांनाच इचारावं लागंल," म्हणाले आणि त्या तशाच परत डब्यात ठेवल्या.